चौदा नंबरचा शिक्का

माझी बायको रिग्मोर जुने स्पीकर दुरुस्त करते आणि मी तिची ओझी उचलतो. तिचं वय शहात्तर, माझं अठ्ठ्याहत्तर, तेव्हा कोणी कोणाला उचलावं हा प्रश्नच आहे. पण मी सुतार, त्या लाकडी पेट्या माझ्याच हातच्या, म्हणून त्या मीच उचलायच्या असा तिचा कायदा. लिमफियॉर्ड खाडीच्या काठी आमच्या गावात स्पीकरचा कारखाना होता, तेव्हा दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी तिथे कामाला असायचं. आता त्या इमारतीत गाद्यांचं गोदाम आहे. तिथून बाहेर पडलेले स्पीकर मात्र अजून लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत उभे आहेत, आणि वय झालं की तेही आमच्यासारखेच कुरकुरायला लागतात.

लोक ते गाडीत घालून रिग्मोरकडे आणतात. ती आधी कॉफी देते, केक देते, मग चौकशी सुरू करते. आवाज बटण फिरवताना येतो की सारखा? बटण फिरवताना खरखर आली तर आत गंज चढलेला असतो, तो अर्ध्या तासाचं काम. जाड सुरांवर फडफड झाली तर कागदी पडद्याभोवतीची मऊ कड कुजलेली असते, ती नवी चिकटवायची. पेटीतला एखादा स्क्रू ढिला असतो. एकदा मागच्या भोकातून मेलेली गांधीलमाशी निघाली होती, पंखासकट.

आणि कधीकधी आवाज स्पीकरचा नसतोच. एक निवृत्त मास्तर तीन वेळा आला. तिन्ही वेळा इथे काही सापडलं नाही, घरी नेलं की पुन्हा घरघर. चौथ्यांदा आम्हीच त्याच्याकडे गेलो. रिग्मोर खोलीत नुसती फिरली, हाताला येईल ते दाबत गेली, आणि फळीवरच्या लग्नाच्या फोटोवर हात ठेवल्याबरोबर घरघर थांबली. फोटोची काच सैल होती.

"बायकोला जरा नीट बसवून ठेवा," ती मास्तरला म्हणाली.

आतून त्याची बायको म्हणाली, "एवढ्यासाठी तीनदा परक्याच्या घरचा केक खाऊन आलात होय?"

सगळ्यात वाईट ती आतली घरघर. पडद्यामागे तारेचं बारीक वेटोळं असतं, ते चुंबकाच्या फटीत वरखाली होतं. ती फट नखाच्या जाडीचीही नसते. वेटोळं जरा घासलं, किंवा फटीत खसखशीएवढा कण अडकला, की ठरावीक सुराला झर्र होतं आणि बाकीच्या वेळी स्पीकर साळसूद. हे ऐकायला कान लागतो. कारखान्यात ऐकणं ही नोकरी होती, आणि मानाची नोकरी होती. चार बायका चार कोंदट खोपट्यांत बसायच्या. पुढ्यात येईल त्या स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा एकच सूर सोडायचा, ऐकायचं, आणि निर्दोष असला तर मागच्या चुंबकावर आपला नंबर ठोकायचा. रिग्मोरचा नंबर अकरा. अकराचा शिक्का असलेला एकही माल परत आला नाही असं मुकादम पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. चौदा नंबर डाग्नीचा.

डाग्नी मॉर्स बेटावरची. उंच, ताठ, बोलायला बेताची, आणि चर्चच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गाणारी. दोघींची खोपटी शेजारी शेजारी होती. ७६ सालच्या हिवाळ्यानंतर चौदा नंबरचे चाळीसएक स्पीकर घरघरतात म्हणून दुकानांतून परत आले. मुकादमाने तिला बोलावलं, ते टेबलावर मांडले, एकेक वाजवून दाखवला. ती काही बोलली नाही. आमच्याकडे कोणी काही बोलत नाही; दोष दिला की तो मुकाट्याने घ्यायचा, आणि आपण कोणी विशेष आहोत असं चुकूनही वाटू द्यायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. डाग्नी कोट घालून घरी गेली. पुढे तिने निवृत्तीपर्यंत शिंपले उकडायच्या कारखान्यात काम केलं. तिथे यंत्रांचा असा गोंगाट असतो की कान असले काय, नसले काय.

रिग्मोरच्या बाबतीत दोन गोष्टी मला बरीच वर्षं दिसत होत्या आणि मी त्यांचा अर्थ लावला नव्हता. एक म्हणजे, ती ऐकण्याआधी पडद्यावर पाचही बोटांची टोकं ठेवते आणि तो हळूच आत ढकलते. मला वाटायचं, मोठ्या कारागिराची लकब. दुसरी म्हणजे, पेटी उघडल्यावर आत चौदाचा शिक्का निघाला की ती पैसे घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या मुकादमाच्या दफनाला डाग्नी आली होती. मी तिच्याच बाकावर होतो. सगळे भजन म्हणत होते आणि ही ओठ मिटून पुस्तकात बघत होती. बाहेर आल्यावर मी चेष्टेने म्हटलं, "काय गं, म्हाताऱ्यावर अजून राग आहे का? दोन ओळी तरी म्हणायच्या."

"मला कुठे कान आहे, लाउस्ट?" ती म्हणाली. "तुला तर माहीत आहे. माझा सूर खोटा लागतो हे मला कळत नाही, आणि बाकीच्यांनी सांगायचं तरी किती वर्षं? गाणं मी तेव्हाच सोडलं."

हे ती अगदी सहज बोलली, गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं. मी घरी येऊन रिग्मोरला सांगितलं. ती तारांना डाख द्यायची डाखणी हातात धरून उभी होती, ती तिने बाजूला ठेवली. मग खाली बसली आणि जे त्रेचाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं ते तिने मला सांगितलं.

त्या हिवाळ्यात डाग्नीची आई आजारी होती. मॉर्सची शेवटची फेरीबोट गाठायला डाग्नी दुपारी दोनलाच निघून जायची. काम नगावर होतं, नग कमी भरले तर खोपटं दुसरीला मिळालं असतं. म्हणून उरलेले तीन तास रिग्मोर तिचा माल ऐकायची आणि तिचा शिक्का मारायची. असं कारखान्यात चालायचं, एकमेकींसाठी सगळ्याच करायच्या. पण वर्षभर आधी रिग्मोरचे कान पिकले होते, आणि बरे झाल्यावर मधले काही सूर तिला ऐकूच येईनासे झाले होते. तिने कोणाला सांगितलं नाही. ती बोटांनी शोधायला शिकली.

"मग डाग्नीच्या मालाला बोटं लावायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"दुप्पट काम होतं. वेळ नव्हता." मग म्हणाली, "माझ्या मालाला लावायचे."

मला तिचा राग आला. अजूनही येतो. मी तिला म्हटलं, की नोकरी गेली ती गेली, पण बाई त्रेचाळीस वर्षं आपले कान खोटे समजून जगते आहे, आणि तू इथे चौदाचे स्पीकर फुकट दुरुस्त करून पुण्य जोडतेस.

"मला वाटलं तिला कळलं असेल," रिग्मोर म्हणाली. "वाटलं, कळूनही ती गप्प बसली. माझ्यासाठी."

डाग्नीने स्वतःवर संशय घेतला होता आणि हिच्यावर घेतला नव्हता. अकरा नंबरच्या कानावर कोण घेणार? तरीही रिग्मोर लगेच गेली नाही. आज गुडघा, उद्या वादळ, परवा पाहुणे. शेवटी डाग्नीच्या मुलीचा फोन आला. आई वृद्धांच्या घरात राहायला जाते आहे, कारखान्याच्या नाताळच्या विक्रीतले दोन स्पीकर आहेत, बघून ठेवता का? रिग्मोरने फोन ठेवला आणि म्हणाली, "लाउस्ट, गाडी काढ. तिचे कान खरे होते हे तिला कळल्याशिवाय ती त्या घरात जाता कामा नये."

डाग्नीच्या घरी अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं, पण टेबलावर पाव, केक आणि दोन तऱ्हेची बिस्किटं होती. शेगडीत लाकडं जळत होती. खिडकीच्या दोन बाजूंना ते दोन स्पीकर, आणि डावीकडच्याला लागून तिची खुर्ची, अशी की डावा कान थेट त्याच्या तोंडाशी यावा.

"याच्यावर बातम्या ऐकते," डाग्नी म्हणाली. "बातम्यांना काही कान लागत नाही. डावीकडून घरघर येते, पण ती स्पीकरची नव्हे हं, माझी. उगाच उघडू बिघडू नका."

रिग्मोरने आपलं यंत्र जोडलं आणि डाव्या स्पीकरमधून सूर सोडला. तो खालून वर चढत गेला. मध्येच डाग्नीने बोट वर केलं.

"हं. इथे. ऐकलंत?"

मी अर्धं आयुष्य करवतीशेजारी काढलंय, मला काय ऐकू येणार? मी रिग्मोरकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिने पुन्हा सूर सोडला, आणि पुन्हा त्याच जागी डाग्नीचं बोट वर गेलं.

"नाही ना ऐकलं?" डाग्नी म्हणाली. "तेच तर सांगते. घे, केक घे."

रिग्मोर गुडघ्यांवर बसली, समोरची जाळी काढली आणि पडद्यावर पाच बोटं ठेवून तो आत ढकलला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले.

"डाग्नी, घासतंय आत. बोटाला लागतंय. घरघर खरी आहे."

"बोटाने ऐकतेस होय आता?" डाग्नी हसली.

"बोटानेच ऐकते. तेव्हाही बोटानेच ऐकायचे." आणि जमिनीवर बसल्या बसल्या रिग्मोरने सगळं सांगितलं. कान पिकल्याचं, दुपारच्या तीन तासांचं, आपल्या मालाला बोटं लावल्याचं आणि तिच्या मालाला न लावल्याचं. मधे थांबली नाही, रडली नाही. "परत आले ते मी पास केलेले होते. तुझ्या कानाला काही झालं नव्हतं. गावातला सगळ्यात चांगला कान तुझा होता."

डाग्नीने कॉफी ओतली.

"अकराचा एकही परत आला नव्हता, रिग्मोर."

"सांगते ना, बोटं लावायचे म्हणून."

"मी त्या टेबलापाशी उभी होते. मुकादम एकेक वाजवत होता आणि प्रत्येकाची घरघर मला ऐकू येत होती. मी मनाशी म्हटलं, आज ऐकू येते मग तेव्हा का नाही आली? म्हणजे कधी येते, कधी नाही. असा कान काय कामाचा?" तिने बशी पुढे सरकवली. "तू माझ्यासाठी तीन तास जास्त बसायचीस. आणि आता हेही आपल्या अंगावर घ्यायला निघालीस."

"अंगावर घेत नाही. माझंच आहे ते."

"बरं, बरं," डाग्नी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

"थांब. मी हा दुरुस्त करते, मग तूच ऐक. घरघर गेली तर ती स्पीकरचीच होती, हो की नाही?"

मी म्हटलं, "आधी पेट्यांची अदलाबदल करू, डावी उजवीकडे. घरघर उजवीकडे गेली की तिलाच कळेल." या कामातली ही पहिली पायरी आहे, रिग्मोरनेच मला शिकवलेली. घरघर पेटीबरोबर जागा बदलते का, ते आधी बघायचं.

"बोटाला लागलंय मला. कशाला वेळ घालवायचा?" ती पेटीचे स्क्रू चाचपायलाही लागली होती. तिला घाई झाली होती, आणि त्रेचाळीस वर्षांनी झालेल्या घाईला मी आडवं कसं जाणार? मी स्क्रू काढून दिले. आत माझी १९७६ची लाकडाची जोडणी होती, अजून घट्ट, आणि चुंबकावर चौदाचा शिक्का. रिग्मोरने पडद्याची मधली टोपी पातीने कापून उचलली, चिकटपट्टीची बारीक फीत फटीत घालून गोल फिरवली आणि बाहेर काढली. पट्टीला डिंकाचा एक वाळका कण चिकटला होता. तो तिने मला दाखवला. मग बोटांनी पडदा दाबला आणि पहिल्यांदा हसली. टोपी चिकटवून, वाळवून, स्पीकर जागेवर बसवेपर्यंत तासभर गेला. तोवर डाग्नीने दुसरी कॉफी केली आणि टेबल आवरलं.

"बस तुझ्या खुर्चीत," रिग्मोर म्हणाली आणि सूर सोडला.

सूर चढत गेला. डाग्नीचं बोट मांडीवर होतं, ते तिथेच राहिलं. पुन्हा सोडला, पुन्हा तसंच.

"गेली," डाग्नी म्हणाली.

"गेली ना?" रिग्मोर जवळजवळ उठून उभी राहिली. "मग? काय सांगत होते मी?"

डाग्नी खिडकीबाहेर बघत होती. "डॉक्टर म्हणालाच होता गेल्या वर्षी. बारीक आवाज आधी जातील म्हणाला, मग हळूहळू बाकीचे. एवढ्या लवकर कान जाईल असं वाटलं नव्हतं. मघाशी घरघर तरी येत होती की गं, आता कानाला तीही येईना."

मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. तिने दोन बोटांनी डावा कान चोळला आणि हात मांडीवर ठेवला.

रिग्मोर माझ्याकडे बघत होती. अदलाबदल केली असती तर, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं. आता कशाची अदलाबदल करणार? दोन्ही पेट्या सारख्याच निर्दोष.

"ती पट्टी कुठे आहे?" रिग्मोरने विचारलं. "मघाशी टेबलावर ठेवली होती ती?"

"शेगडीत टाकली. कचरा होता ना?"

"तिला तो कण चिकटलेला होता. तो परत आत घालायचा होता."

"घरघर परत घालायची?" डाग्नीने माझ्याकडे बघितलं. "लाउस्ट, ही बरी आहे ना? एवढा रस्ता, एवढं काम, दमलीय ती."

मी म्हटलं, की दुसरा कुठलाही कण आत घालता येईल. रिग्मोरने मान हलवली. म्हणाली, मग ती घरघर माझी झाली, मीच केलेली, आणि डाग्नी तेच म्हणेल. मी म्हटलं, डाग्नी, आमच्याकडे चल, दहा स्पीकर ओळीने मांडतो, त्यातले तीन बिघडलेले, पाठ करून बस आणि कोणते ते सांग. तुझं तुलाच कळेल.

"ती परीक्षा मी एकदा दिली," डाग्नी म्हणाली. "तेवढी पुरे झाली." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, त्याच्याशी काहीतरी बोलता आलं असतं.

रिग्मोर अजून एकदा म्हणाली, "मी केलं, डाग्नी. मी." डाग्नी उठून तिच्याजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "तू मनाने फार चांगली आहेस. तेव्हाही होतीस." मग मला म्हणाली, "हे दोन्ही घेऊन जा. मला तिथे छोटा रेडिओ देणार आहेत. चांगल्या कानाच्या घरी गेले म्हणजे मला समाधान."

आम्ही नको म्हणून बघितलं. मॉर्सच्या माणसाशी दारात उभं राहून वाद घालून काही होत नाही. मी पेट्या एकेक करून गाडीत ठेवल्या, मधे ब्लँकेट घातलं. डाग्नीने उरलेला केक कागदात गुंडाळून दिला आणि वारा फार आहे म्हणून लगेच दार लावून घेतलं.

मॉर्सहून आमच्या काठाला आणणारा सालिंगसुंडचा पूल येईपर्यंत रिग्मोर केकचं पुडकं मांडीवर धरून बसली होती. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "तिने मलाच धीर दिला रे." पाऊस सुरू झाला होता, मी काच पुसायचा दांडा चालू केला आणि गाडी चालवत राहिलो.